ठगाची जबानी : गुन्ह्याच्या कथनाची भाषा

प्रास्ताविक

या घटकात आपण ज्या कथनप्रकाराचा विचार करणार आहोत, त्याचे वाचक घरोघरी आहेत; अभ्यासक मात्र थोडे आहेत. खुनाची, दरोड्याची, न उलगडलेल्या मृत्यूची हकीकत वाचावयास घेतली की ती अर्ध्यावर सोडवत नाही आणि संपल्यावर झोप येत नाही. तुमच्यापैकी अनेक जण दिवसभराचे काम आटोपून रात्री अभ्यासाला बसतात. त्या वेळी अशी हकीकत हाती आली तर पाठ्यपुस्तक मागे पडते, याची मला कल्पना आहे. या ओढीबद्दल अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. मात्र भाषेच्या विद्यार्थ्याने अशा हकीकतीला एक जादा प्रश्न विचारावयास हवा : हे कोण, कोणाला, कोणत्या भाषेत सांगत आहे आणि ते आपल्यापर्यंत किती हातांतून आले आहे?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपण ठगांच्या जबान्यांचे उदाहरण घेऊ. ते निवडण्यास एक स्थानिक कारणही आहे. ठगांना जगभर प्रसिद्ध करणारी कादंबरी ज्याने लिहिली, तो अधिकारी पुढे आपल्याच जिल्ह्याचा कारभार पाहत होता.

नळदुर्गचा अधिकारी

फिलिप मेडोज टेलर (१८०८–१८७६) हा इंग्रज तरुण १८२४ साली हिंदुस्थानात आला आणि लवकरच निजामाच्या सेवेत दाखल झाला. त्याची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी १८३९ साली लंडनमध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाली. राणी व्हिक्टोरियाने तिचे छापील फर्मे पुस्तक बाहेर पडण्यापूर्वीच मागवून वाचले, इतके तिचे कुतूहल होते. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्ग हे प्रदेश कंपनीच्या ताब्यात दिले, तेव्हा नळदुर्ग जिल्ह्याची व्यवस्था टेलरकडे आली. आजच्या धाराशिव जिल्ह्याचे जुने नाव नळदुर्ग जिल्हा असेच होते. १८६० साली हा प्रदेश निजामाकडे परत गेला. टेलरची नंतरच्या काळातील ‘तारा’ (१८६३) ही कादंबरी तुळजापूर–नळदुर्ग परिसरात घडते. त्या कादंबरीतील तुळजापूर पाहून तुम्हांस आश्चर्य वाटेल. परंतु आज आपला विषय तिच्या आधीचा आहे.

‘कन्फेशन्स’चा निवेदक अमीर अली हा पकडला गेलेला ठग आहे. तो एका साहेबापुढे आपली जीवनकथा सांगतो. लहानपणी त्याच्या आईवडिलांचा ठगांनी जीव घेतला, त्यांच्यातीलच एकाने त्याला मुलगा म्हणून वाढवले आणि तो स्वतः निष्णात ठग झाला. पुढे त्याच्या हातून अजाणता सख्ख्या बहिणीचा गळा आवळला जातो. हे प्रकरण वाचताना भल्याभल्यांचा धीर सुटतो. कादंबरीत अमीर अलीच्या नावावर ७१९ खून आहेत आणि आपण मध्यंतरी बारा वर्षे तुरुंगात नसतो तर हजार पुरे केले असते, अशी त्याची खंत आहे. खून करणाऱ्याचा पश्चात्ताप नसलेला, शांत, जवळजवळ सुसंस्कृत आवाज हीच या पुस्तकाची खरी दहशत होय. पण हा आवाज अमीर अलीचा आहे काय? तो इंग्रजीत बोलतो, आणि कोणताही ठग साहेबापुढे इंग्रजीत बोललेला नाही.

जबानीचा प्रवास

टेलरच्या कादंबरीमागे सरकारी कागद होते. विल्यम हेन्री स्लीमन (१७८८–१८५६) या अधिकाऱ्याने ठगांविरुद्धची मोहीम जबलपूरला केंद्र करून चालवली. पकडलेल्यांपैकी काहींना फाशीऐवजी जीवदान देऊन माफीचे साक्षीदार करावयाचे आणि त्यांच्या माहितीवरून इतरांना पकडावयाचे, ही त्याची पद्धत होती. फिरंगिया हा त्यांतील सर्वांत प्रसिद्ध साक्षीदार. या साक्षीदारांनी वाटेवरच्या ज्या जागा दाखवल्या, तेथे खणल्यावर प्रेते सापडली. म्हणून एक गोष्ट आरंभीच स्पष्ट करतो : खून झाले होते. व्यापारी, यात्रेकरू, रजेवर घरी निघालेले शिपाई वाटेत नाहीसे होत आणि त्यांच्या घरच्यांना ते कोठे व कसे गेले, हे कधी कळत नसे. ठग ही केवळ इंग्रजांची कल्पना होती, असे म्हणून हा प्रश्न निकालात काढता येत नाही. अभ्यासकांमध्ये वाद आहे तो निराळा : एकाच धर्मविधीने बांधलेला, देशभर पसरलेला एक पंथ म्हणून जे चित्र उभे राहिले, ते कितपत साक्षीदारांचे आणि कितपत विचारणाऱ्याचे? राधिका सिंघा, किम वाग्नर, मार्टिन व्हान वूर्केन्स यांचे लेखन या वादात महत्त्वाचे आहे.

आता जबानीचा मार्ग पाहा. साक्षीदार हिंदुस्तानीत किंवा आपल्या बोलीत बोले. मुनशी ते फारसीत उतरवून घेई, कारण त्या काळी कचेरीची भाषा फारसी होती. फारसीवरून इंग्रजी भाषांतर होई. त्यातील निवडक भाग अहवालात जाई, आणि अहवालावरून पुढे कादंबरी. प्रत्येक पायरीवर काहीतरी गळते आणि काहीतरी जोडले जाते.

सांगणारा एक आणि लिहिणारा दुसरा, ही व्यवस्था मराठी वाङ्मयाला परकी नाही. समर्थ रामदास सांगत आणि कल्याणस्वामी लिहून घेत, अशी दासबोधाच्या लेखनाची परंपरा सांगितली जाते. त्या कल्याणस्वामींची समाधी परंडा तालुक्यातच, सीनाकाठी डोमगाव येथे आहे. तेथे लेखनिक शिष्य होता आणि गुरूचा शब्द जसाच्या तसा राखणे हाच त्याचा धर्म होता. जबलपूरच्या कचेरीत लेखनिक सरकारचा नोकर होता आणि सांगणाऱ्याचा जीव त्या कागदावर अवलंबून होता. माफी टिकवायची तर सांगत राहणे भाग होते. सांगण्यासारखे संपले तर साक्षीदाराची उपयुक्तताही संपली असती. अशा परिस्थितीत प्रश्नाचा साचाच उत्तर घडवतो. ‘तुम्ही त्या वाटसरूंना का मारले?’ असे विचारले तर ‘पैशासाठी’ हे उत्तर येऊ शकते. ‘देवीचा कौल घेतल्यावाचून तुम्ही निघत नव्हता ना?’ असे विचारले तर देवी उत्तरात आपोआप येते. ही दोन्ही वाक्ये मी उदाहरणादाखल रचली आहेत. परंतु स्लीमनने छापलेले प्रश्नोत्तररूप संवाद वाचले तर देवी, शकुन आणि श्रद्धा यांविषयी तो किती आवर्जून व पुनःपुन्हा विचारतो, हे ध्यानात येते.

याच संवादांत वेरूळचा उल्लेख येतो. आपल्या धंद्यातील प्रत्येक कृती, गळा आवळण्यापासून प्रेत पुरण्यापर्यंत, वेरूळच्या लेण्यांत कोरलेली आहे, असे साक्षीदारांनी सांगितले आणि ते छापले गेले. तुमच्यापैकी बहुतेकांनी वेरूळ पाहिले असेल. कैलास हलवणारा रावण, अंधकाला शूलावर घेणारा शिव, महिषासुराशी लढणारी दुर्गा ही शिल्पे तुम्हांस ठाऊक आहेत. हातघाईचे कोणतेही शिल्प पाहून ठग म्हणू शकतो की हे आमचेच चित्र आहे. वाचकाने लेणी पाहिलेली नसतील तर त्याला ते खरे वाटते. लंडनच्या वाचकाने पाहिलेली नव्हती.

रामसी

१८३६ साली कलकत्त्यास स्लीमनचे ‘रामसीआना’ हे पुस्तक निघाले. ठगांच्या गुप्त बोलीचे, म्हणजे ‘रामसी’चे, शब्द त्यात अर्थांसह दिले आहेत. भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याला हा कोश फार मोलाचा वाटतो, आणि तो काहीसा अस्वस्थही करतो. ‘बनिज’ हा शब्द घ्या. तो संस्कृत ‘वाणिज्य’ शब्दाच्या कुळातील. अर्थ व्यापाराचा माल. रामसीत बनिज म्हणजे सावज ठरलेला वाटसरू. ‘सोथा’ म्हणजे गोड बोलून वाटसरूंना टोळीत सामील करून घेणारा, ‘भुरटोट’ म्हणजे गळा आवळणारा, ‘लुघा’ म्हणजे खड्डा खणणारा. ‘बेल’ ही त्या कामासाठी निवडलेली जागा. जो ठग नाही तो ‘बिटू’. ‘झिरनी’ म्हणजे इशारा, आणि तो इशारा बहुधा तंबाखू मागण्याच्या एखाद्या साध्या वाक्याने दिला जाई. शेकोटीभोवती दमून बसलेल्या वाटसरूच्या कानावर पडलेले ते शेवटचे वाक्य असे. मला या सर्व प्रकरणात सर्वांत भयंकर वाटते ते हे वाक्य, कारण त्यात एकही भयंकर शब्द नाही.

येथे दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली व्याकरणाविषयी. रामसीला स्वतःचे व्याकरण नाही. क्रियापदांचे प्रत्यय, विभक्ती, वाक्यरचना सारी हिंदुस्तानीची. बदललेले आहेत ते फक्त काही शब्द, मुख्यतः नामे. म्हणून काटेकोर अर्थाने ती भाषा नव्हे, तो सांकेतिक शब्दसंग्रह आहे. कोणत्याही धंद्याचा असा संग्रह असतो. दुसरी गोष्ट लिपीविषयी. स्लीमनने हे शब्द इंग्रजी कानाने ऐकून रोमन लिपीत लिहिले. त्या लेखनात ‘त’ आणि ‘ट’ यांतील भेद उरत नाही, ऱ्हस्व-दीर्घ उरत नाही, ‘घ’ आहे की ‘ग’नंतर ‘ह’ आहे हेही ठरत नाही. मी वर ‘भुरटोट’ लिहिले. कोणी ‘भुरतोत’ लिहिले तर त्याला चूक ठरवण्याचा आधार रोमन अक्षरांत नाही. जो कोश एका समूहाची ओळख ठरवणार होता, त्यातील शब्दांचा उच्चारही आपल्याला पुरता हाती लागत नाही.

गुप्तपणा आणि गुन्हा

गुप्त बोली आहे म्हणजे गुन्हेगारी आहे, असा तर्क स्लीमनच्या काळी सहज केला गेला. मराठीच्या विद्यार्थ्याने तो मान्य करू नये. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ शतकानुशतके सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत जपले. त्या लिप्या विसाव्या शतकाच्या प्रारंभी पंथाबाहेरच्या अभ्यासकांना उलगडल्या, तेव्हा मराठीचे आद्य गद्य आपल्या हाती आले. लपवले होते ते ज्ञान. करपल्लवी आणि नेत्रपल्लवी तुम्ही ऐकल्या आहेत. गुरांच्या बाजारात दलाल उपरण्याखाली हात घालून बोटांनी भाव ठरवतात, ते बहुतेकांनी पाहिले असेल. लहान मुलींची ‘च’ची भाषा आठवून पाहा. प्रत्येक ठिकाणी हेतू एकच, बाहेरच्याला कळू नये. बाहेरचा कोण, हे मात्र निरनिराळे.

‘ठग’ शब्दाच्या वाटा

‘ठग’ची व्युत्पत्ती संस्कृत ‘स्थग’ या शब्दापाशी नेतात; मूळ अर्थ झाकणे, लपवणे याकडे जातो. मराठीत ‘ठक’, ‘ठकवणे’, ‘ठकसेन’ असे शब्द आहेत आणि ‘ठकास महाठक’ असे आपण कौतुकानेही म्हणतो. हिंदीत ठग म्हणजे फसवणारा. इंग्रजीत मात्र हा शब्द दांडगाई करणाऱ्या गुंडासाठी रूढ झाला. तेथे फसवणुकीचा अर्थ उरलेला नाही. एकाच शब्दाला दोन वाटा फुटल्या. आपल्या लोकांच्या तोंडी फसवणूक राहिली, इंग्रजीत हिंसा गेली, आणि ‘धर्मविधी म्हणून गळा आवळणारा’ हा जो नेमका अर्थ सरकारी कागदांनी घडवला, तो आज कोणत्याच बोलत्या भाषेत प्रचारात नाही. तो पुस्तकांत आणि चित्रपटांतच आढळतो.

नाव आणि शिक्का

कागदांतील अर्थ बोलीत टिकला नाही, तरी त्याने काम पुरे केले होते. १८३६ च्या ३० व्या कायद्यान्वये ठगांच्या टोळीचा सदस्य असणे एवढाच गुन्हा जन्मठेपेस पुरेसा ठरला. विशिष्ट खून सिद्ध करण्याची गरज उरली नाही. म्हणजे ‘तू काय केलेस?’ या प्रश्नाची जागा ‘तू कोण आहेस?’ या प्रश्नाने घेतली. ही विचारसरणी पुढे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात संपूर्ण जमातींना लागू झाली. १९११ साली त्याची व्याप्ती मुंबई इलाख्यापर्यंत आली. जन्माला येणारे मूल नोंदणीपुस्तकात गुन्हेगारांच्या यादीत जाऊ लागले. परंड्याजवळचे मोठे शहर सोलापूर. तेथे तारेच्या कुंपणाआतील अशी वसाहत होती आणि त्या भागाची ‘सेटलमेंट’ ही ओळख अजून पुसलेली नाही. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती विमुक्त झाल्या.

कायदा रद्द होतो, शब्द रद्द होत नाही. ‘भामटा’ हे मूळ एका जमातीचे नाव. आपण ते वर्तमानपत्राच्या मथळ्यात सामान्यनाम म्हणून वापरतो. ‘भामट्याने गंडा घातला’ असे लिहिताना आपल्या मनात कोणतीही जमात नसते, हे खरे. पण त्या जमातीचा विद्यार्थी वर्गात बसून तोच मथळा वाचतो, तेव्हा त्याला काय वाटत असेल? मी माझ्यापुरता हा शब्द वापरणे थांबवले आहे. तुम्ही काय करावे, ते तुम्ही ठरवा.

या पार्श्वभूमीवर लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) ही आत्मकथने पुन्हा वाचा. दोन्हींना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आहे. गायकवाडांचे धनेगाव लातूर तालुक्यातले, आणि १९८२ पर्यंत लातूर आपल्याच जिल्ह्यात होते. या पुस्तकांतही समूहाची खास बोली येते, चोरी येते, पोलीस येतात. फरक सांगणाऱ्याच्या जागेत आहे. येथे समोर साहेब नाही, मध्ये मुनशी नाही, आणि जीवदानाचा सौदा नाही. ‘उचल्या’ हा शब्द लेखकाने स्वतः उचलून पुस्तकाच्या माथ्यावर ठेवला आहे. ज्या शब्दाने इतरांनी हाक मारली, तोच शब्द स्वतःच्या तोंडाने उच्चारला की त्याचे वजन बदलते. ‘रामसीआना’ आणि ‘उचल्या’ शेजारी ठेवून वाचणे हा मला या घटकाचा सर्वांत उपयुक्त भाग वाटतो.

आजचा जबाब

जबानीचा लेखनिक अजून आहे. पोलीस ठाण्यात घडलेली गोष्ट माणूस आपल्या बोलीत, रडत, मागेपुढे करत सांगतो. कागदावर ती ‘समक्ष विचारल्यावरून जबाब लिहून देतो की’ अशी सुरू होते आणि ‘सदरचा जबाब वाचून पाहिला, तो माझे सांगणेप्रमाणे बरोबर आहे’ अशी संपते. मधे ‘इसम’, ‘मयत’, ‘मुद्देमाल’, ‘मिळून आला’ हे शब्द येतात. यांतील बरेच फारसी-अरबी वळणाचे आहेत. मुनशी गेला, त्याची शब्दकळा राहिली.

यात सर्वांत अधिक बदलते ते कर्तृत्व. ‘मी त्याला मारले’, ‘माझ्या हातून तो मेला’, ‘तो मारला गेला’, ‘त्याला मारण्यात आले’ या चार वाक्यांत प्रेत एकच आहे. जबाबदारी मात्र चार प्रकारची आहे. ‘माझ्या हातून’ या रचनेत कर्त्याचा हात आहे, पण इच्छा नाही. ‘मारण्यात आले’मध्ये कर्ताच नाहीसा होतो. बोलणाऱ्याने एक रचना वापरली आणि लिहिणाऱ्याने दुसरी, तर हकीकत तीच राहूनही खटला बदलू शकतो. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, हे तत्त्व १८७२ च्या पुरावा कायद्यात आले आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या साक्ष अधिनियमातही ते कायम आहे. कायदा करणाऱ्यांना लेखनिकाच्या सामर्थ्याची जाणीव होती, असे म्हणावयास हरकत नाही.

आणखी एक चिमुकला शब्द पाहा : ‘म्हणे’. ‘त्याने शेकड्यांनी माणसे मारली म्हणे’ असे आपण बोलतो, तेव्हा मी हे पाहिलेले नाही, ऐकले आहे, अशी प्रामाणिक ग्वाही त्या एका शब्दात असते. लेखनात, विशेषतः भाषांतरात, ‘म्हणे’ गळतो. बेहराम नावाच्या ठगाच्या नावावर ९३१ खून जगभर सांगितले जातात. कागदात मात्र तो इतक्या खुनांच्या वेळी हजर असल्याचे म्हणतो आणि स्वतःच्या हातचे सुमारे सव्वाशे सांगतो. तेही माफीच्या साक्षीदाराचे म्हणणे. ‘म्हणे’ गळाला आणि विक्रम तयार झाला.

माफीच्या साक्षीदाराविषयीचा हा प्रश्न मराठवाड्यात विसाव्या शतकातही उभा राहिला. परभणी जिल्ह्यातील मानवत येथे नोव्हेंबर १९७२ ते जानेवारी १९७४ या काळात मुली व स्त्रियांचे एकामागून एक खून झाले. गुप्तधन आणि नरबळी यांच्याशी त्यांचा संबंध जोडला गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९७७ च्या निकालात न्यायालयाने पुन्हा बजावले की, माफीच्या साक्षीदाराच्या कथनाला प्रत्येक आरोपीच्या बाबतीत स्वतंत्र पुष्टी हवी. मानवतच्या गोष्टी आजही रात्री सांगितल्या जातात, त्यांवर मालिकाही निघाली आहे. त्या गोष्टींत मांत्रिक असतो, पिंपळ असतो, सोन्याचा हंडा असतो. ज्या मुली घरी परतल्या नाहीत, त्यांच्याविषयी एकदोन वाक्येच असतात.

स्वाध्याय

१. तुमच्या गावात सांगितली जाणारी एखादी जुनी खुनाची किंवा गूढ मृत्यूची हकीकत दोन वडीलधाऱ्या व्यक्तींकडून स्वतंत्रपणे ऐका आणि दोघांच्याच शब्दांत लिहून काढा. हयात व्यक्तींची नावे लिहू नका. ‘म्हणे’, ‘असे ऐकले’, ‘मी पाहिले’ हे शब्द कोठे येतात, तेथे खूण करा.

२. त्यांपैकी एका हकीकतीतील दहा वाक्ये निवडून पोलिसी जबाबाच्या भाषेत लिहा. कोणत्या वाक्यांत कर्ता नाहीसा झाला, ते दाखवा.

३. ‘उचल्या’तील कोणतेही एक प्रकरण वाचून, तेच प्रकरण एखाद्या अधिकाऱ्याने अहवालात लिहिले असते तर कोणते शब्द बदलले असते, याची सुमारे तीनशे शब्दांत चर्चा करा.

४. आठवडाभराच्या मराठी वर्तमानपत्रांतील गुन्हेवृत्तांचे मथळे जमवा. त्यांत जमात, जात किंवा गाव यांवरून आलेली सामान्यनामे आढळल्यास ती वेगळी काढा व प्रत्येकीसाठी पर्यायी शब्द सुचवा.